रोमला तीन दिवस आणि आईच्या माहेरची बाई

भाच्याने एक्सेल शीट पाठवली. तीन दिवस, सत्तावीस ठिकाणं. सकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंत खाने पाडलेले, पिवळा रंग म्हणजे "मस्ट", हिरवा म्हणजे "जमलं तर", आणि जेवायला दुपारी पस्तीस मिनिटं. मी त्याला फोन लावला, म्हणलं अरे बाबा ही सहल आहे का नीटचा क्रॅश कोर्स? तर म्हणतो, मावशी एवढ्या लांब येताय तर सगळं बघूनच जा ना. लातूरचंच लेकरू आहे शेवटी, जर्मनीत जाऊन दोन वर्षं झाली तरी टाइमटेबल सुटत नाही.

तर झालंय असं की त्याचा मास्टर्सचा समारंभ दिवाळीच्या सुट्टीत आलाय आणि आम्ही चौघं जाणार आहोत, मी, नवरा, नववीतली पोरगी आणि माझी आई. बाबा नाही म्हणाले, रब्बीची ज्वारी कोण बघणार. आठ दिवस जर्मनी आणि शेवटी तीन दिवस रोम, कारण एवढा खर्च करून एक तरी जुनं शहर बघावं असं माझ्या डोक्यात होतं. आमच्यापैकी कुणीच अजून देशाबाहेर पाय ठेवलेला नाही, आईने तर तिरुपतीच्या पलीकडं काही बघितलं नाही. आता दोन महिने झाले मी रोज रात्री भांडी आवरली की मोबाइल घेऊन बसते आणि नवरा म्हणतो तू जाऊन आल्यासारखीच बोलूलालीस.

आधी व्हिसाचं सांगते, कारण मला वाटलं होतं इटलीला जायचं म्हणजे इटलीचा व्हिसा. तसं नाही. शेंगेन म्हणजे बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, आणि जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा, दिवस सारखेच असतील तर जिथं आधी उतरणार त्यांच्याकडं. आमचे आठ दिवस जर्मनीत म्हणून जर्मनीचा अर्ज, त्यावरच रोम फिरायचं. मोठ्या माणसाला ९० युरो फी, युरो म्हणजे ढोबळ शंभराच्या वरच धरा. तीस हजार युरोचा प्रवासी विमा लागतो. बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, कॉलेजकडून रजेचं पत्र, येण्याजाण्याचं बुकिंग, सगळ्याची थप्पी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका.

बोटांचे ठसे द्यायला लातूर-मुंबई एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेलो. तिथं आईचा थंब येईना. रेशनच्या दुकानात येत नाही, आधारला आला नव्हता, तिथंही तेच. चाळीस वर्षं खुरपं धरलेली बोटं ती, रेषा राहिल्यात कुठं. काउंटरवरची पोरगी चांगली होती, ओल्या फडक्याने बोटं पुसून, दाबून, चारपाच वेळा करून शेवटी घेतले. आई बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बघ माय, मला नगं म्हणूलालती मशीन, तूच बळंच नेऊलालीस."

आता मुद्द्यावर येते. भाच्याच्या सत्तावीस ठिकाणांत एक ठिकाण नव्हतं, आणि मला नेमकं तेच बघायचंय. ते रोममध्ये नाहीच, नेपल्समध्ये आहे.

आईचं माहेर तेर, धाराशिव जिल्ह्यातलं. गोरोबा काकांचं तेर. लहानपणी उन्हाळ्यात मुरूड, ढोकी करत एसटीने जायचो, आणि मामा दरवेळी लामतुरेंच्या म्युझियममध्ये न्यायचा कारण तिथं सावली होती आणि पंखा होता. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातलेच व्यापारी, शेतात, नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पाऊस पडला की जे मणी, शंख, मातीच्या बाहुल्या वर यायच्या त्या त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या, पुढं त्याचं सरकारी म्युझियम झालं. त्यात हस्तिदंताची एक छोटी बाई आहे. अंगावर दागिने, बांगड्या कोपरापर्यंत. आम्ही पोरं तिच्यापुढनं नुसतं पळत जायचो.

पुढं कॉलेजात असताना कळलं की हिच्यासारखीच एक बाई इटलीत सापडलीये. पॉम्पेई नावाचं गाव इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, ते खणताना १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्ववाल्याला एका घरात ती मिळाली. वीतभरच, साधारण २४ सेंटीमीटर. त्या घराचं नावच आता भारतीय मूर्तीचं घर पडलंय. तिला सगळे पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात, पण लक्ष्मी नसून यक्षी असावी असं अभ्यासकांचं म्हणणं, आणि डोक्यात वरून भोक आहे म्हणून कुणी म्हणतं आरशाची मूठ होती, कुणी म्हणतं टेबलाचा पाय. कुठली हाही वाद आहेच. तळाला खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलंय म्हणून काही जण तिला वायव्येकडची म्हणतात, पण तेरची बाई आणि जालन्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळालेली मूर्ती यांच्याशी तिची घडण इतकी जुळते की मधुकर ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी ती भोकरदनकडचीच असं मांडलं. माझं मत विचारू नका, मी आईच्या माहेरच्या बाजूने आहे.

आणि हे काही उगीच ओढूनताणून नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, पेरिप्लस म्हणतात त्याला. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर असं साफ लिहिलंय. तगर म्हणजे आपलं तेर. पैठणहून अकिकासारखे दगड, तगरहून साधं कापड आणि मलमल, सगळं गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला. रस्त्यांचं वर्णन वाचून वाटलं माणूस खरंच आपल्याकडं येऊन गेलेला दिसतोय. तिकडं रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक त्याच काळात कुरकुर करत होता की हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, ओढून नेतो. तेरमध्ये रोमन नाण्यांची नक्कल केलेले मातीचे लोलक सापडलेत, म्हणजे त्यांचे पैसे गळ्यात घालून मिरवायची फॅशन होती आमच्याकडं.

तर मला ती बाई बघायचीये. मी हे शीटमध्ये टाकलं तेव्हा भाच्याने डोळे फिरवणारा इमोजी पाठवला. रोम ते नेपल्स हायस्पीड ट्रेनने सव्वा तास, जाऊन येऊन एक दिवस गेलाच. तीनातला एक. "मावशी, वीतभर मूर्तीसाठी अख्खा दिवस?" म्हणलं हो.

पहिल्यांदा मी नेपल्स मंगळवारी ठेवलं होतं, कारण मंगळवारी रात्री परतीचं विमान आणि मला वाटलं शेवटचा दिवस मोकळा. सगळं जुळवून झालं, ट्रेनचं तिकीट काढायला बोट टेकवणार तेवढ्यात पोरगी म्हणाली मम्मी हे म्युझियम मंगळवारी बंद असतं. मी कपाळावर हात मारला. आपण काय कमी वेळा बघितलंय हे, पाहुणे पुण्यामुंबईहून थेट वेरूळला येतात आणि नेमका मंगळवार निघतो, मग घाईघाईने अजिंठा, आणि अजिंठा सोमवारी बंद. इतकी वर्षं लोकांना हसले, आता माझीच पाळी. मग कळलं हा सगळा खेळ वारांचाच आहे. व्हॅटिकनचं म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फुकट उघडं आणि तेव्हा म्हणे तुडुंब गर्दी. बोर्गेसे गॅलरी सोमवारी बंद आणि तिला आधीच वेळ ठरवून बुकिंग लागतं, ती मी सरळ काढून टाकली. कुठंही थोडक्या दिवसांसाठी जात असाल तर आधी ठिकाणांची नाही, वारांची यादी करा, निम्मं प्लॅनिंग तिथंच होतं.

मग शनिवार व्हॅटिकन, रविवार जुनं रोम, सोमवार नेपल्स, आणि तीन दिवसांच्या वर विमानाच्या दिवशीची मंगळवारची सकाळ उरल्यासुरल्याला, असं बसलं.

शनिवारचं फार काही सांगायचं नाही. म्युझियमचं तिकीट २० युरो, वर ऑनलाइन बुकिंगचे ५, पण ते पाच दिले नाही तर रांगेत उभं राहून गुडघे जातील. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं रंगवलेलं सिस्टीन चॅपलचं छत बघायचं आणि बाहेर यायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, नाहीतर आत सोडत नाहीत. आई नऊवारीतच येणार, तिला काही अडचण नाही, नवऱ्याच्या बर्म्युडावर मात्र आत्ताच बंदी घातलीये. सेंट पीटरचं चर्च फुकट आहे, फक्त तपासणीची रांग. घुमटावर जायला ५५१ पायऱ्या, लिफ्टने गेलं तरी तीनशेच्या वर उरतात, पोरगी आणि नवरा जातील, आम्ही मायलेकी खाली बसू.

रविवारी एक मस्त गोष्ट आहे. पियाझा व्हेनेझियापासून कोलोसियमपर्यंतचा जो मोठा रस्ता जुन्या अवशेषांच्या मधून जातो तो रविवारी गाड्यांना बंद असतो, सगळे पायी. रोममध्ये बाकी गल्ल्यांत छोटे काळे दगड बसवलेत, दिसायला छान पण आईच्या गुडघ्यांसाठी वाईट, म्हणून हा रस्ता मी मुद्दाम धरलाय. आणि इथं मी भाच्याशी दुसऱ्यांदा भांडले, कारण मी कोलोसियमच्या आत जाणार नाहीये. १८ युरो तिकीट, त्यात फोरम, म्हणजे जुन्या रोमचा चौक, आणि पॅलटाइन टेकडीही येते, म्हणजे महाग आहे असं नाही. पण तिकीट नावावर असतं, पासपोर्टशी नाव जुळावं लागतं, तीस दिवस आधी सुटतं आणि चांगल्या वेळा लगेच संपतात. आपल्याकडं पासपोर्टात स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आईच्या तर गंगूबाईतला बाई कधी जोडून कधी तोडून, त्या फॉर्ममध्ये काय कुठं टाकायचं याचा आधी निकाल लावावा लागतो. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून ते साडेचारला बंद होतं. पोरीला आणि नवऱ्याला पाठवीन. इ.स. ८० मध्ये ते सुरू झालं तेव्हा आत माणसं आणि जनावरं मारायचे आणि वर पन्नास हजार लोक टाळ्या पिटायचे, ती इमारत बाहेरून जेवढी दिसते तेवढी मला पुरे.

पँथिऑन, म्हणजे रोमनांचं जुनं देऊळ, मात्र आतून बघणार. हेड्रियन बादशहाच्या काळात, सुमारे इ.स. १२६ मध्ये बांधून झालेलं, ४३.३ मीटरचा घुमट आणि त्यात एक लोखंडी सळई नाही. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको, ९३ च्या भूकंपानंतर आम्ही घर बघायला गेलो की आधी सळई किती एमएमची ते विचारतो. त्यांनी घुमट वर वर जाताना पातळ केला आणि काँक्रीटमध्ये हलका दगड वापरला, खाली जड, वर हलका, आणि अगदी मध्यावर झाकणच नाही, गोल भोक. पाऊस आला की सरळ आत पडतो आणि फरशीला उतार देऊन बारीक भोकं ठेवलीत त्यातनं निघून जातो. नोव्हेंबर तिथला पावसाचा महिना, लोक म्हणतात तेव्हा जाऊ नका, मी म्हणते त्या भोकातून पाऊस पडताना दिसला तर पैसे वसूल.

पाण्यावरनं आठवलं. रोमभर रस्त्यात लोखंडी नळ आहेत, नासोनी म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचे. सुमारे अडीच हजार, १८७४ पासूनचे. प्यायचं पाणी, थंड, फुकट आणि बऱ्याच नळांना तोटीच नाही, रात्रंदिवस वाहतं. मी हे वाचून मोबाइल बाजूला ठेवला. २०१६ च्या एप्रिलमध्ये आम्हाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर, आणि टँकरचा नंबर लागायचा म्हणून मी कॉलेजला सुट्ट्या टाकल्यात. नवऱ्याला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न, "तोटी कामून बसवत न्हाईत?" पाणी सतत खेळतं राहिलं की पाइपात साचून खराब होत नाही, हे त्याचं कारण, पण लातूरच्या माणसाला ते पटणार नाही. भाच्याने बजावलंय की पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, मोकळी बाटली न्या. नळाच्या तोंडाशी बोट धरलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, असं प्यायचं.

आणि ते ट्रेव्हीचं कारंजं, सिनेमात दिसतं ते, १७६२ ला पूर्ण झालं, पण त्याचं पाणी आणणारा कालवा अग्रिप्पा या रोमन सेनापतीने इसवी सनापूर्वी १९ साली बांधलेला. जमिनीखालून कित्येक किलोमीटर, नुसत्या उतारावर. संभाजीनगरची पाणचक्की बघितलेल्यांना यात नवल वाटू नये, मलिक अंबरची नहरही याच हिशोबाची. ट्रेव्हीला दिवसा खांद्याला खांदा लागतो म्हणून आम्ही मंगळवारी पहाटे सहाला जाणार, आईला तशीही पहाटे चारला जाग येते. नाणं टाकलं की परत रोमला येता येतं म्हणे. ती नाणी काढून धर्मादायला देतात. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग गोदावरीत टाकतो तसंच की."

किरकोळ पण कामाचं. विमानतळावरून शहरात येणारी खास ट्रेन माणशी १४ युरो, चौघांचे ५६. आणि टॅक्सीचं जुन्या तटबंदीच्या आतलं ठरलेलं भाडं ५५, सामानासकट. हा हिशोब मला तीन ब्लॉग वाचून कळला नव्हता, पोरीने केला. ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीटमार फार, ती व्हॅटिकनला जाते म्हणून पर्यटक तीच धरतात. स्पॅनिश स्टेप्स नावाच्या पायऱ्यांवर बसलं तर दंड होतो, पायऱ्या असून बसायचं नाही, हे आईला कसं सांगायचं ते बघू. कॉफी उभ्याने प्यायची, बसलं की दर वाढतो.

जेवणाचं मला टेन्शन नाही, तिखट नाही एवढंच. पिझ्झा तिथं कात्रीने कापून वजनावर देतात, पाहिजे तेवढा. मारिनारा म्हणून असतो त्यात चीजसुद्धा नाही, नुसता टोमॅटो, लसूण, आणि तो नेपल्सचाच. सुप्ली म्हणून भाताचे तळलेले गोळे मिळतात, बटाटेवड्यासारखे दिसतात, पण आत बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो, विचारल्याशिवाय उचलू नका. घरून शेंगदाण्याची चटणी, धपाटे आणि कडक भाकरी. तूप, पेढे, खवा नाही, बाहेरून येणाऱ्याला युरोपात दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. पेढ्यांवरून आई दोन दिवस फुगून होती, नातवाच्या डिग्रीचे पेढे नेता येत नाहीत म्हणजे काय.

सोमवार. नेपल्सला स्टेशनावर उतरून मेट्रोने एकच स्टेशन, काव्हूर, की म्युझियम. पॉम्पेईला लोकल ट्रेनने पाऊणएक तास, पण म्युझियम आणि पॉम्पेई एका दिवसात आईला घेऊन होणार नाही, म्हणून पॉम्पेई रद्द. ज्या गावात ती सापडली ते गाव न बघता ती बघायची, चालतंय. एक गंमत मात्र कुणालाच सांगितलेली नाही. ती ज्या दालनात ठेवलीये त्याचं नाव गुप्त कक्ष. पॉम्पेईत निघालेल्या सगळ्या चावट मूर्ती आणि चित्रं तिथं कोंडून ठेवलीत, कित्येक वर्षं तो बहुतेक कुलूपबंदच, २००० साली सगळ्यांना खुला झाला. चौदा वर्षांखालच्यांना मोठं माणूस सोबत लागतं. म्हणजे माझी माळकरी आई, नऊवारीत, डोक्यावर पदर, त्या सगळ्यातून वाट काढत तिच्यापर्यंत जाणार. नवरा म्हणतो मी बाहेर थांबतो.

आईला तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलं, राख, घर, १९३८, काच. ती गहू निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तेरची लेक म्हणायची ती. दोन हजार वर्सं झाली, कुणी वटी भरली का न्हाई तिची?"

आता काय बोलणार. काचेतल्या मूर्तीची ओटी भरता येत नाही, गार्ड हाकलून देईल, हे सांगून झालं. ऐकत नाही. म्हणते लांबूनच दाखवीन, खण आणि नारळ, नुसता पुढं धरीन आणि परत घेईन. मी म्हणलं खण ठीक आहे, नारळ ते लोक विमानतळावर काढून घेतील, पेढ्यांसारखा. आणि मग माझंच दुर्दैव, खात्री करायला भाच्याला विचारलं. त्याने शोधून दोन मिनिटांत मेसेज टाकला. युरोपात बाहेरची ताजी फळं कागदपत्राशिवाय नेता येत नाहीत, फक्त पाच फळांना सूट आहे. अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ.

आईने नारळ कालच काढून ठेवलाय, सोललेला, शेंडीचा. खणाचा रंग अजून ठरायचाय.